सतरा नंबरचा निरोगी माणूस

मी रंगमंचावर आजवर अनेकदा मेलो आहे. विष पिऊन, तलवारीने, एका नाटकात तर नुसत्या अपमानाने. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या आणि प्रत्येक वेळी मी उठून, अंग झटकून, विंगेत जाऊन चहा प्यायलो. त्यामुळे खरोखरीची वेळ दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मला तिची ओळख पटली नाही, यात नवल नाही. नवल याचं, की त्या दिवसांत आमच्या फ्रिजच्या दारावर माझ्या ठणठणीत प्रकृतीचा छापील पुरावा लावलेला होता. तो खोटा आहे हे पुण्यात फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यांतला एक मी. आणि तरीही माझा त्यावर विश्वास होता.

हे लिहितोय ते अशा माणसासाठी, जो आत्ता रक्ताच्या वॉर्डात छताकडे बघत पडला असेल. बाबा रे, मी त्याच छताकडे बघितलं आहे. पंख्याच्या बाजूला ओलीचा डाग आहे, तो आधी घोड्यासारखा दिसतो आणि तिसऱ्या आठवड्यात सासऱ्यांसारखा दिसायला लागतो. घाबरू नकोस. औषधं तुला डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते माझ्या गाढवपणाबद्दल, कारण ते कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नाही.

खरं तर एका फाइलमध्ये आहे. त्याचीच ही गोष्ट.

फळं न खाणारा

कसबा पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. वय बावन्न. घरी मी आणि बायको शुभदा. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी बोलताना माझ्या वाक्यांखाली लाल रेघा उमटताना मला दिसतात. मूलबाळ नाही. कौतुक एकमेकांचंच करावं लागतं, आणि ती त्यात काटकसर करते.

एके दुपारी दुकानात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. चष्म्याची दांडी तुटलेली. नाव रेणू. जवळच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात पुढचं शिक्षण घेत होत्या. मी स्क्रू बसवत असताना त्यांनी एकदम विचारलं, "काका, तुम्ही फळं खाता?"

"गणपतीपुढे ठेवतो."

"आणि भाज्या?"

"बटाटा."

बाई इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, आता पाठ थोपटतात. त्यांना अशीच माणसं हवी होती. निरोगी, धडधाकट, पण ज्यांच्या पोटात क जीवनसत्त्व फारसं जात नाही अशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. त्या हे जीवनसत्त्व स्वतःच्या आत भरपूर साठवून ठेवतात. मग साठा कमी असलेल्या निरोगी माणसाला सहा आठवडे ते पुरेसं दिलं, तर त्याचे पहारेकरी जास्त चपळ होतात का, जंतूंच्या मागे जास्त नेटाने धावतात का, एवढंच बघायचं होतं. सुरुवातीला रक्त, शेवटी रक्त, मध्ये रोज एक आंबट गोळी.

"म्हणजे निरोगी माणसाचं काम करायचं," मी म्हणालो.

"काम कसलं काका, तुम्ही आहातच."

पहिल्या दिवशी त्यांनी मला माझंच रक्त भिंगाखाली दाखवलं. चष्मेवाल्याला भिंगाचं काय अप्रूप! पण मी पाहिलं आणि माझी बडबड थांबली. एक पेशी हळूहळू सरकत होती. अंग पुढे काढायची, मागचं ओढून घ्यायची, पुन्हा पुढे. तिला काहीतरी शोधायचं होतं. माझ्या आत हे असं चाललेलं असतं आणि मला कुणी सांगितलेलंही नाही, या विचाराने पाठीवर काटा आला. त्यानंतर कित्येक दिवस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघताना मला ती सरकणारी पेशी आठवायची.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती मी चारचौघांत वेगळी सांगत असे. सुई पाहून मी बेशुद्ध पडलो. नुसता पडलो नाही, नळ्यांचा ट्रे घेऊन पडलो. आजूबाजूला दहा-बारा विद्यार्थी. एक मुलगी खुदकन हसली. आयुष्यभर पडण्याची तालीम केलेला मी, पण ते पडणं अगदीच हौशी झालं.

मला एक कार्ड मिळालं. ओळख गुप्त राहावी म्हणून त्यावर नाव नव्हतं. फक्त आकडा. सतरा.

बदली

आता इक्बाल. इक्बाल शेख माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून पुस्तकं बांधतो. त्याच्या आजोबांपासूनचा धंदा. आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा तो प्रॉम्प्टर. तीस वर्षं विंगेत उभा राहून त्याने आमची वाक्यं आम्हाला पुरवली आहेत. प्रत्येकाची भूमिका त्याला पाठ, म्हणून कुणी नट आला नाही की इक्बालला मिशी चिकटवायची आणि आत ढकलायचं, हा आमचा रिवाज. ठरलेला खेळ रद्द करायचा नाही, एवढा एकच नियम संस्थेने कधी मोडला नाही. एकदा तो माझ्या बायकोच्या भूमिकेतही उभा राहिला होता. शुभदाच्या मते, ती माझी सर्वांत सुखी जोडी.

सहा आठवडे संपले. दुसऱ्यांदा रक्त द्यायचा गुरुवार आला. त्या सकाळी मला उठवेना. अंगात कणकण, जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी. आणि डोक्यात ती खुदकन हसणारी मुलगी. मी कार्ड घेऊन इक्बालच्या दुकानात गेलो.

"रेणूबाई आज परगावी आहेत. तिथे नवा टेक्निशियन आहे, मला ओळखत नाही. तू जा."

इक्बालने हातातला दोरा खाली ठेवला. "अरे, रक्त आहे ते. संवाद नाहीत."

"तुझं माझ्यापेक्षा चांगलंच असणार. रोज पेरू खातोस. बिचारीचा अभ्यास सुधारेल."

"हेमंत, हे बरोबर नाही."

"तीस वर्षांत कुणाला नाही म्हणालायस? मला एकट्याला म्हणणार?"

तो गेला. हे वाक्य मी किती सहज बोललो होतो, ते मला पुढे रोज ऐकू येणार होतं. तिथे त्याला कुणी नाव विचारलं नाही. टेक्निशियन म्हणाला, "सतरा?" इक्बाल म्हणाला, "हो." दोन अक्षरांची भूमिका सुद्धा नाही ती. एकाच अक्षराची.

अकरा दिवस

शनिवारी रेणूचा फोन. "काका, कमाल आहे! तुमच्या पेशी इतक्या छान काम करतायत. सतरा नंबर माझा सर्वांत सुंदर निकाल आहे."

सोबत नेहमीच्या रक्ततपासणीची प्रत आली. वर सतराच्या जागी रेणूने घातलेलं माझं नाव, खाली सगळे आकडे जिथे असावेत तिथे. शुभदाने ती भोपळ्याच्या आकाराच्या चुंबकाने फ्रिजवर लावली. म्हणाली, "कुठल्याही परीक्षेत तुम्हाला पहिल्यांदाच एवढे मार्क मिळालेत."

मी वाकून सलाम केला.

त्यानंतर दोनेक दिवसांत दात घासताना फेस गुलाबी दिसायला लागला. मांडीवर जांभळे डाग, कुठे आपटल्याची आठवण नाही. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून धाप. शुभदा म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊया."

"कशाला? रिपोर्ट बघ की."

आता नीट ऐका, कारण हीच जागा मला अजून झोपू देत नाही. मी तिला फसवायला असं म्हणालो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. ते रक्त इक्बालचं आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी रोज सकाळी फ्रिजमधून दूध काढताना ते आकडे वाचून मला बरं वाटायचं. भूमिका अंगात भिनते म्हणतात, तशी ती निरोगी माणसाची भूमिका माझ्यात भिनली होती. हिरड्यांतून रक्त येतं म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडलं, असं मी स्वतःच ठरवलं. जुन्या खलाशांना व्हायचं तसं. आणि पेठेतल्या त्या खलाशाने रोज तीन आंबट गोळ्या खायला सुरुवात केली.

कागद फ्रिजवर लागल्यापासून अकराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवत होतो. काचेवर लाल थेंब पडला. मग दुसरा. माझ्या नाकातून येणारं ते रक्त थांबेचना. गृहस्थ सदाशिव पेठेतले होते. ते शांतपणे म्हणाले, "नंबर बरोबर आहे हो, पण रंग मी हा सांगितला नव्हता."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताबडतोब रक्त काढायला लावलं. संध्याकाळी त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. फ्रिजवरचा आणि आजचा. एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून पाहिलं. मग म्हणाले, "हेमंतराव, हे एकाच माणसाचे वाटत नाहीत."

मी हसलो. तिथेही हसलो. "काय सांगताय!" म्हणालो.

त्याच संध्याकाळी मला रुग्णालयात भरती केलं. तिथल्या रक्तविकाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, पण त्यातला असा प्रकार की सुरुवातीचे दिवस निभावले तर बरा होण्याची आशा खूप. धोका याच दिवसांत. कुठेही, मेंदूतसुद्धा, रक्तस्राव होऊ शकतो. "एक-दोन आठवडे आधी आला असतात तर बरं झालं असतं," ते म्हणाले. शुभदाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "रिपोर्ट चांगला होता हो यांचा."

स्टूल

उपचार ऐकाल तर हसाल. मी आलो क जीवनसत्त्वाच्या वाटेने, आणि मला दिली ती अ जीवनसत्त्वाच्या गोत्रातली कॅप्सूल. जोडीला शिरेतून सोमल, म्हणजे आर्सेनिक. होय, सोमलच, नाटकातल्या दुधात घालतात ते. मी सिस्टरांना म्हटलं, "हे पिऊन मी दोनदा मेलोय." त्या म्हणाल्या, "इथे नाटकं नकोत. पूर्ण नाव सांगा."

नाव. प्रत्येक सुईआधी, प्रत्येक बाटलीआधी हेच. मनगटावर पट्टी आहे, त्यावर छापलेलं आहे, कालचीच सिस्टर आहे, तरी: "पूर्ण नाव सांगा." मी सांगायचो, "हेमंत गजानन लिमये," आणि दर वेळी मला फ्रिजवरचा तो कागद आठवायचा.

सकाळी लवकर रक्त. मग चहा, जो चहाचा दूरचा नातेवाईक होता. मग राउंड. मग ओठ सुकणं, डोकं ठणकणं. कच्चं काही खायला बंदी, फळ तर अजिबात नाही. माझे पहारेकरी इतके कमी झाले होते की पेरूच्या सालीवरचा जंतूही भारी पडला असता. फळांची आयुष्यात पहिल्यांदा आठवण आली ती तिथे.

आणि दुपारी तो यायचा.

पलंगाशेजारी भेटायला येणाऱ्यांसाठी एक लोखंडी स्टूल होतं. शुभदा शाळेतून येईपर्यंत ते रिकामं असायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लागता लागता मला त्यावर एक माणूस दिसला. माझाच चेहरा, पण गाल भरलेले, ओठ ओले. हातात पेरू. तो काही बोलायचा नाही. चावून चावून खायचा आणि माझ्याकडे कुतूहलाने बघायचा, जसा एखादा मुख्य नट आजारी नटाला बघायला येतो. कोण ते मला लगेच कळलं. सतरा नंबर. कागदावर तो अजून ठणठणीत होता. त्याच्या पेशी सुंदर धावत होत्या. माझ्या नावाने जगणारा तो, आणि त्याच्या जागी मरायला टाकलेला मी.

डॉक्टर म्हणाले, ताप आहे, होतं असं. औषधाने ताप आणि धाप दोन्ही आली होती, दोन दिवस ऑक्सिजन लावला होता, तेव्हा तो पलंगाच्या अगदी जवळ सरकून बसला होता. ताप उतरला. तो गेला नाही.

आणि इक्बाल आला नाही. एकदाही नाही. शुभदा म्हणायची, "खाली गेटपाशी दिसतात. वर या म्हटलं की काम आहे म्हणतात." मी भिंतीकडे तोंड करायचो.

तीन पानं

शुभदा रडली नाही. तिने पेन काढलं. तिचं गणित साधं होतं. नवरा धडधाकट. सहा आठवडे कुणाच्या तरी गोळ्या खाल्ल्या. निकाल उत्तम म्हणून लेखी दिलं. आणि अकरा दिवसांत हे. एक तर गोळ्यांनी झालं, नाहीतर तपासणी खोटी. दोन्हीकडून दोषी एकच, ती चष्मेवाली पोरगी.

तिने तीन पानी तक्रार लिहिली आणि मला वाचून दाखवली. सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. "यात 'निष्काळजीपणा' दोनदा आलाय," ती म्हणाली. "दुसऱ्या ठिकाणी 'बेपर्वाई' करू?"

मी ओठ सुकल्याचा अभिनय केला. तिने चमच्याने पाणी पाजलं. ते पाणी मी गिळलं, मंडळी. गिळलं आणि गप्प राहिलो. स्टुलावरचा तो पेरू खायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी शुभदा ते पत्र देऊन येणार होती. त्याआधी दुपारीच रेणू आली. दारातच उभी राहिली. चष्म्याची दांडी पुन्हा निघालेली, चिकटपट्टीने बांधलेली. शुभदा उठून उभी राहिली, पण बसा म्हणाली नाही.

"काकू, मी जास्त वेळ घेत नाही," रेणू म्हणाली. "काकांच्या आजाराचं कळताच वरिष्ठांनी अभ्यास थांबवलाय. सगळ्यांना परत बोलावून तपासतोय. गोळ्यांची बाटली न् बाटली मी स्वतः बघितली. काका, माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाहीये. मी शिक्षण सोडायचं ठरवलंय, पण त्याआधी तुम्हाला विचारावंसं वाटलं. गोळ्यांनी काही वेगळं वाटलं होतं का?"

पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर. माझ्या दुकानात येऊन मला फळं खाता का विचारणारी. मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं आणि विंगेत कुणी उभं नव्हतं.

"दुसरं रक्त माझं नव्हतं," मी म्हणालो.

 मग मी सगळं सांगितलं. ट्रे, हसणारी मुलगी, कार्ड, इक्बालचा नकार, माझं ते वाक्य. नकला न करता, हातवारे न करता. हाताला सलाइन होतं हेही खरं.

रेणू स्टुलावर बसली. चष्मा काढून तिने तो ओढणीने पुसला, पुसतच राहिली. "म्हणजे सतरा नंबर काकांचा नाहीच," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला, "त्या गुरुवारी तुम्हाला कसं वाटत होतं?"

"कणकण. अंधारी. म्हणून तर..." आणि तिथे माझं मलाच ऐकू आलं. सुईची भीती होतीच, पण त्या दिवशी मला उठवत नव्हतं ते याच आजाराने. ज्या कारणासाठी जायला हवं होतं, त्याच कारणासाठी मी गेलो नव्हतो.

"त्या दिवशी मी स्वतः आलो असतो तर?" मी विचारलं.

"नमुने भिंगाखाली मी बघते, काका. परगावाहून आल्यावर सगळे मीच बघितले." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी बघितलं असतं. एवढंच सांगू शकते."

तिने त्याहून जास्त कधीच सांगितलं नाही. मी अनेकदा विचारलं.

ती गेल्यावर शुभदाने तीन पानांची घडी केली. पुन्हा घडी केली. मावत नाही एवढ्या घड्या केल्या. मग म्हणाली, "अकरा दिवस मी तो कागद बघून निर्धास्त झोपले. तुम्ही शेजारी कण्हत होतात आणि मी कूस बदलून झोपले." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा वेळेवर आला, भात मऊ होता, पाणी उकळलेलं होतं. फक्त आवाज नव्हता. सोमल त्यापेक्षा सौम्य.

पिवळी पिशवी

तिसऱ्या दिवशी ती बोलली. "लेखी द्या. सही करून. त्या मुलीच्या वरिष्ठांना." मी लिहिलं. तिने वाचलं, लाल पेनाने चार चुका काढल्या, पुन्हा लिहायला लावलं. माझ्या गुन्ह्याचा कबुलीजबाब निदान शुद्ध मराठीत आहे.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्या आठवड्यात तुम्हाला पिवळ्या पिशव्या चढवल्या होत्या ना?"

प्लेटलेट्स. रक्त थांबवणाऱ्या. रक्तस्रावाचा धोका होता त्या दिवसांत त्यांनीच मला धरून ठेवलं होतं.

"त्यातल्या दोन इक्बालभाईंच्या. दोनदा येऊन दोन-दोन तास यंत्राला लावून बसले. म्हणाले, वहिनी, त्याला सांगू नका. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस." तिने डब्याचं झाकण लावलं. "आता कळलं, कशाने वर येत नव्हते."

मी पिवळ्या पिशवीकडे बघत पडलो होतो ते आठवलं. माझ्या नावाखाली त्याचं रक्त एकदा गेलं होतं कागदावर. मग खरोखर माझ्या अंगात. तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

"त्याला वर बोलाव," मी म्हणालो.

इक्बाल आला. केस जास्तच पांढरे वाटले. दाराशी चपला काढाव्या की नाही या विचारात उभा राहिला, देवळात आल्यासारखा.

"मी नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"तू म्हणाला होतास. मी ऐकलं नाही."

"मोठ्याने म्हणायला हवं होतं. तीस वर्षं हळू बोलायची सवय."

"इक्बाल, तुझ्या प्लेटलेट्स अंगात गेल्यापासून मला पेरू खावासा वाटतोय."

"गप बस," तो म्हणाला, आणि त्याने आजूबाजूला बघितलं, लोखंडी स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर दणकन बसला.

त्यावर आधीच कुणी बसलेलं होतं, हे त्याला कसं ठाऊक असणार? पण मी पाहिलं. सतरा नंबर उठला. नाइलाजाने उठला, पेरू हातात घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

नाव

मग महिन्याभराने घरी. मग कित्येक महिने दर थोड्या दिवसांनी पुन्हा सोमलाची बाटली, सकाळी जाऊन दुपारी परत. फ्रिजवरचा कागद शुभदाने काढला, चुंबक मात्र तिथेच आहे. रेणूचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. सतरा नंबर त्यातून वगळला, कारणासह. ती दांडी दुरुस्त करायला आली तेव्हा म्हणाली, "आता फरक तेवढा झळाळत नाही, काका. साधे आकडे आहेत. पण खरे आहेत." मी तिला फ्रेम नवी दिली. तिने पैसे देऊनच नेली.

तुला, छताकडे बघणाऱ्या माणसा, मला एवढंच सांगायचंय. कागद कितीही चांगला असला तरी हिरडीतून रक्त येत असेल तर हिरडीवर विश्वास ठेव. आणि सुईला घाबरत असशील तर बेशुद्ध पड. बेधडक पड. ट्रे घेऊन पड. पण स्वतः जाऊन पड.

शेवटची तपासणी होती ती हाडातल्या मगजाची. औषधं संपली होती, आता आत आजार उरलाय की नाही हे त्यावरून कळणार होतं. शुभदा बाहेर बाकावर, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, पण लाल पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं. इक्बालला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून तो पडद्याच्या पलीकडे उभा राहिला. ती जागा त्याला सवयीचीच.

सुई मी पाहिली. पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी. खोलीच्या कोपऱ्यात तो उभा होता. भरलेले गाल, माझा चेहरा. बऱ्याच दिवसांनी आला होता. या वेळी हातात काही नव्हतं.

सिस्टर फाइल घेऊन पुढे आल्या. "पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.  तो कोपऱ्यातून माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि क्षणभर मला खरंच कळेना, आम्हा दोघांतलं ते नाव कोणाचं.

तेवढ्यात पडद्यामागून, तीस वर्षं ऐकलेला, तोच दबका, स्वच्छ आवाज आला. "हेमंत..."

"तुम्ही नका सांगू!" सिस्टर पडद्याकडे वळून ओरडल्या. "पेशंटनेच सांगायचं असतं."

"हेमंत गजानन लिमये," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. बाहेर बाकावरून टोपण उघडल्याचा आवाज आला.

कोपऱ्यात बघितलं नाही. डोळे मिटले आणि हाताने, माझ्याच हाताने, पलंगाची कड घट्ट धरली.